नेमबाजीच्या क्लबचे दार नवख्यांसाठी उघडे हवे



पनवेलमध्ये नेमबाजीविषयी बोलताना शिरढोणचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. या तालुक्यातील त्या गावी १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्र कायदा आणून हिंदी प्रजेच्या हातातील शस्त्रे परवान्याच्या जाळ्यात अडकवली; युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंतांचा उठाव झाला. बंदूक साहेबाची, संस्थानिकाची नाही तर शिकाऱ्याची, सामान्य घराशी तिचा संबंध नाही, ही समजूत समाजात रुजली, तिचे एक मूळ या कायद्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर ही समजूत दूर करण्याचे काम क्रीडाक्षेत्राने हाती घेतले. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाची स्पर्धा ही पिढ्यान्‌पिढ्या नवोदित नेमबाजांची पहिली मोठी पायरी ठरली. तरीही रेंजपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. मुंबई परिसरातील होतकरू मुलामुलींना बराच काळ वरळीच्या रेंजकडेच पाहावे लागे.

या पार्श्वभूमीवर २००६ साली सुमा शिरूर यांनी पनवेलमध्ये लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला, त्याचे मोल ध्यानात येते. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत अंजली भागवत यांच्यासह सुवर्णपदक, २००४ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी, अशी कारकीर्द असलेल्या खेळाडूने महानगराच्या वेशीवरील गावात नवख्यांना शिकवायला बसावे, ही साधी गोष्ट नव्हे.

पण क्लब निघाला म्हणजे दार उघडलेच असे होत नाही. एखादा मध्यमवर्गीय पालक मुलीला घेऊन रेंजवर येतो. आत शांतता असते, प्रत्येक जण आपल्या निशाण्यात गढलेला असतो. कोणी विचारपूस करीत नाही. अखेर एक जण विचारतो, ‘‘रायफल कोणती घेतली आहे?’’ परदेशी बनावटीच्या स्पर्धा-रायफलीची किंमत लाखांच्या घरात असते. जाकीट, पँट, बूट वेगळेच. पालक निमूटपणे परत फिरतो. एक गुणी नेमबाज कदाचित त्याच क्षणी हरवतो.

यावर उपाय अवघड नाहीत. नव्या सभासदाचे स्वागत करून त्याला रेंज दाखवण्याची जबाबदारी रोज एका जुन्या सभासदाने घ्यावी. पहिले काही महिने खरेदीचा विषयच काढू नये; क्लबच्या रायफलीवर उभे राहणे, श्वास, ट्रिगर यांचा पाया पक्का होऊ द्यावा. मुलांच्या अंगाला अपुरी झालेली जाकिटे आणि बूट क्लबकडे जमा व्हावेत. जुनी एअर रायफल देताना मात्र तिच्या हवेच्या सिलिंडरची मुदत तपासावी. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते आणि त्याची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते. मुदत संपलेले सिलिंडर दान देणे हे औदार्य ठरत नाही.

नव्या उपकरणांविषयीही मन मोकळे हवे. दोरीने ओढून आणायच्या कागदी टार्गेटवर ज्यांची कारकीर्द घडली, त्यांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटचे कौतुक वाटत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि आता गुण दशांशात, १०.९ पर्यंत मोजले जातात. गोळी नेमकी कोठे लागली हे पडद्यावर तत्काळ दिसले, तर नवख्याला आपली चूक त्याच क्षणी कळते. कागदी टार्गेट स्वस्त आहे, म्हणून सरावात त्यालाही स्थान राहील. दोहोंत भांडण लावण्याचे कारण नाही.

स्वागतशीलतेची खरी कसोटी लागते ती व्हीलचेअरवरून येणाऱ्या सभासदाच्या वेळी. सुमा शिरूर यांच्या मार्गदर्शनाखालील अवनी लेखरा हिने २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. दाराशी उतार आणि फायरिंग पॉइंटवर पुरेशी जागा, एवढ्या सोयी ज्या क्लबला सुचत नाहीत, त्याच्या दारातून अशी एखादी अवनी परतही गेली असेल.

दार उघडे ठेवणे म्हणजे शिस्त सैल करणे नव्हे. नळी सदैव टार्गेटच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, गोळी भरायची ती फायरिंग पॉइंटवरच, बाकी वेळ सुरक्षा-दोरी नळीत आणि सरावानंतर शिशाचे हात स्वच्छ धुणे; हे नियम जगज्जेत्याला आणि पहिल्या दिवशीच्या मुलाला सारखेच लागू आहेत. पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्र परवाना लागतो, हेही पालकांना प्रथमच स्पष्ट सांगावे. नियम प्रेमाने समजावले की भीती जाते, जरब मात्र राहते.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे दार उघडे मिळाले आणि २०२४ साली पॅरिसला त्याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. अंजली भागवत यांना हा खेळ एनसीसीच्या गणवेशात भेटला. दोघांनाही कोणीतरी पहिल्यांदा रायफल हाती दिली होती. पनवेलच्या प्रत्येक शाळेतून वर्षातून एकदा मुलांना रेंजवर नेले आणि रेंजवरील जाणत्यांनी त्यांना आपुलकीने जवळ केले, तर पुढची रायफल कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न पडणार नाही. आजच्या जाणत्यांनी आपला पहिला दिवस विसरू नये, एवढीच अपेक्षा आहे.