पिठाचा कोंबडा आणि मातीचा मावळा

  साहित्याच्या व्याख्यानमालेत निपाणीचा एक होमिओपॅथीचा डॉक्टर खेळण्यातल्या सैनिकांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून एका स्नेह्यांनी मला फोन केला. छपाईत काही चुकलं का, असं विचारत होते. चुकलेलं नाही. साठी ओलांडलेला हा माणूस दवाखाना बंद झाल्यावर टेबलावर बोटभर उंचीचे घोडेस्वार रंगवतो आणि त्यांची लढाई लावतो.

तुम्ही हसण्याआधी आठवा, तुम्हीही हे केलेलं आहे. बेळगाव, निपाणी, पार कोल्हापूरपर्यंत दिवाळीत कुठल्याही गल्लीत जा. पोरं दगड-विटा रचतात, जुनी पोती चिखलात बुडवून वर पसरतात, लाल माती लिंपतात, हळीव नाहीतर मोहरी पेरतात. चार दिवसांत डोंगर हिरवा. मग कुंभाराकडून चित्रं आणायची. महाराज वीतभर, मावळा चार बोटं, वाघ मावळ्याहून दांडगा, आणि विहिरीवरची बाई महादरवाजातून आत जाऊ शकत नाही. प्रमाणाचं कुणाला काही पडलेलं नसतं. जो मोठा माणूस, त्याचं चित्र मोठं, एवढाच हिशेब.

टेबलावरच्या युद्धखेळात मात्र प्रमाणाला फार मान. त्यातली आजची नेहमीची मूर्ती २८ मिलिमीटरची. साडेपाच फुटी माणूस २८ मिलिमीटरवर आणला की साधारण एकास साठ हे माप पडतं. जुने ब्रिटिश शिशाचे सैनिक ५४ मिलिमीटरचे असत. विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानं १८९३ मध्ये ते पोकळ ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि कडेला पातळ थर धरला की उरलेलं परत ओतून घ्यायचं. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी. डॉक्टर म्हणून सांगतो, शिसं पोरांच्या तोंडात जाणं वाईटच. १९६६ च्या सुमारास ते बनणं थांबलं हे बरं झालं.

हा खेळ नुसता पोरांचा कधीच नव्हता. आपल्याकडचं चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ यांचीच मांडणी. प्रशियात रायस्विट्झ नावाच्या गृहस्थानं १८१२ मध्ये राजाला युद्धखेळाचं टेबल करून दिलं. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच घालून त्याचं शास्त्र केलं, आणि ते सैन्यानं अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी उचललं. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिथून निवृत्त झालेले एक सुभेदार माझे पेशंट. ते सांगतात की मोहिमेआधी जमिनीवर वाळूचा नकाशा करतात, त्यात लोकरीचा धागा म्हणजे ओढा. माझा दिवाळीचा किल्ला त्यांनी एकदा बघितला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "डॉक्टर, शत्रू कुठल्या बाजूनं येणार?"

मला उत्तर देता आलं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतोच. पहारेकरी आहेत, तोफा आहेत, त्या कुणावर रोखल्यात ते विचारायचं नाही. बाजारात फार तर अफझलखान मिळतो, पण तो मरतानाच. उभा, धडधाकट आदिलशाही शिपाई मला कुठल्याच कुंभाराकडं मिळाला नाही. युद्धखेळाला दोन्ही बाजू लागतात आणि दोन्ही तितक्याच मन लावून रंगवाव्या लागतात. मी मावळ्यांनाच पटका बदलून, जामा लांब करून विजापूरकर केलं. ते करताना जाणवलं की फार बदलावं लागतच नाही. आदिलशाही फौजेतही मराठे सरदार आणि त्यांचे स्वार होतेच की. तीच ढाल, तोच भाला. मग रंगाची डबी हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो.

आता थोडं घरचं. आमचे अप्पा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. पक्के श्रावक, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. मी नऊ वर्षांचा असताना किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या दोन फौजा केल्या आणि दगड मारून एकेक पाडायला लागलो. अप्पांनी बघितलं. ओरडले नाहीत. ओसरीवर बसवून यशोधर राजाची गोष्ट सांगितली. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता. आईच्या आग्रहाखातर त्यानं पिठाचा कोंबडा करून तो कापला. पीठच ते, पण मनात कोंबडा होता. त्या संकल्पापायी मायलेकांना जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं. सोमदेवानं ९५९ मध्ये संस्कृतात आणि जन्नानं १२०९ मध्ये कन्नडात लिहिलेली ही कथा आमच्या भागातल्या जैन घरात पोरांना भुताच्या गोष्टीसारखी माहीत असते. त्या वर्षी आमचा किल्ला झाला, पण त्यावर फक्त गाई आणि नांगरवाला.

म्हणजे चाळिशीत मी पुन्हा सैनिक हातात घेतले ते अप्पांच्या शब्दाबाहेर जाऊनच. माझा बचाव तयार होता. शास्त्रानं गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य सांगितली आहे, विरोधी हिंसा, म्हणजे बचावासाठी घडणारी, ती वेगळी. शिवाय बेळगावच्या किल्ल्यातच कमल बसदी आहे, रट्टांचा मंत्री बिचिराज यानं १२०४ च्या सुमारास बांधलेली. खंदकाच्या आत जिनालय चालतं, तर माझ्या टेबलाचं काय? वकिली बरी होती, पण अप्पांनी वाद घातलाच नाही. म्हातारपणी एकदा काठी टेकत टेबलापाशी आले आणि विचारलं, "मेलेले कुठं ठेवतोस?" मी औषधाच्या खोक्यात कापसावर निजवलेले स्वार दाखवले. बराच वेळ बघून ते गेले.

इंग्लंडात एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये या खेळावर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या मारून सैनिक पाडायचे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध कितीतरी बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. ते युद्धच युद्धाचा शेवट करील, असं प्रतिपादणारं पुस्तकही त्याच वेल्सनं लिहिलं. म्हणून खेळानं माणूस शहाणा होतो, असा दावा मी करत नाही.

मग मी कुठली लढाई लावतो? इथून संकेश्वर, गडहिंग्लज, पुढं नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार. त्या सातांवरचं गाणं तुम्हाला पाठ आहे. पण नेसरी टेबलावर लागत नाही. मोठ्या लढाईत एक मूर्ती वीस माणसांची धरतात, त्या हिशेबानं सात वीर म्हणजे अर्धी मूर्तीसुद्धा नाही. आणि शेवट ठरलेला असताना फासे कशाला टाकायचे?

खेळ आहे तो त्याआधीचा, एप्रिल १६७३ मधला, जतजवळच्या उमराणीचा. प्रतापरावांनी बहलोलखानाचं पाणी तोडलं. ऐन उन्हाळा, फौज तहानेनं व्याकुळ. खान गयावया करू लागला आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. तो पुन्हा उलटला, महाराज संतापले, आणि त्या बोलाची जखम घेऊन सेनापती नेसरीच्या खिंडीत शिरला. मला जैन म्हणून छळतं ते हेच. जी दया मला लहानपणापासून शिकवली, तिचीच किंमत सात जीव. मी कितीदा ती लढाई लावली. खानाला सोडलं की नेसरी समोर दिसते. न सोडावं तर तहानेल्या माणसांवर फासे टाकायला हात उचलत नाही.

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला. वय दहा. प्रतापराव त्याच्याकडं दिले. ओढा निळ्या लोकरीचा, सुभेदारांच्या पद्धतीनं. बुरूज माझ्या रिकाम्या ड्रॅमच्या बाटल्यांचे. उमराणीला बुरूज नव्हते, पण पोराचा हट्ट. त्यानं दोन डावांत पाणी तोडलं.

"अज्जा, आता खेळ संपला की."

"मग मारणार काय सोडणार?"

तो फासा हातात खुळखुळवत राहिला. मग म्हणाला, "त्यांची घोडी तेवढी पाणी पिऊ देत. मग बघू."

आमच्या नियमांच्या वहीत घोड्यांच्या पाण्याचं कलम नव्हतं. त्या रात्री दोघांनी बसून लिहिलं. पाणी प्यायला एक डाव. तेवढ्या वेळात हल्ला करायचा की नाही, याची ओळ आम्ही मोकळी सोडली आहे, कारण त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.