वेखंड : डब्यातले आणि चिखलातले

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



‘एखाद्या फुलझाडाविषयी बोला’ असे चिटणीसबाईंनी मला कळविले, तेव्हा त्यांच्या मनात गुलाब किंवा शेवंती असणार. पण गुलाबाविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज ज्या झाडाविषयी बोलणार आहे, ते येथे बसलेल्या बहुतेकींच्या घरात आहे. मात्र हिरवे, उभे झाड फार थोड्यांनी पाहिले असेल. ते म्हणजे वेखंड.

वेखंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गुटीच्या डब्यातला वाळका, खडबडीत, गाठी-गाठींचा तुकडा. ती मुळी नव्हे. जमिनीत आडवे सरपटत जाणारे ते खोड आहे, आल्याच्या किंवा हळदीच्या गड्ड्यासारखे. झाड कमरेएवढे, कधी त्याहून उंच होते. पाने लांब, तलवारीसारखी, एकमेकींच्या कुशीत बसलेली आणि बुडाशी गुलाबीसर. पान हातात धरून पाहिले तर मधली शीर बरोबर मध्यावर नसते, थोडी एका बाजूला सरकलेली असते. आणि एका कडेला बारीक चुण्या पडलेल्या दिसतात, परकराच्या काठाला पडतात तशा. एवढी खूण लक्षात ठेवली तर गवतात किंवा लव्हाळ्यात ते चुकायचे नाही. तरीही शंका राहिली तर पान चुरगळावे. गोडसर, उग्र वास लगेच सांगतो.

आणि फूल? फुलाला पाकळ्यांचा थाट नाही. पानासारख्याच एका दांड्याच्या कुशीतून बोटाएवढे, हिरवट-पिवळे कणीस तिरके बाहेर येते. जवळ जाऊन पाहावे तर त्यावर शेकडो चिमुकली फुले, चटईच्या विणीसारखी नेटकी बसविलेली. पायाशी भरपूर पाणी असेल तरच हे कणीस सहसा दिसते. कोरड्या वाफ्यात लावलेले वेखंड नुसती पाने काढीत राहते. वेणीत माळण्याजोगे हे फूल नव्हे, पण मला ते आवडते.

पूर्वी शास्त्रज्ञ याला अळू-सुरणाच्या कुळात घालीत. आता त्याला स्वतंत्र कुळ दिले आहे, आणि तेही मोठ्या मानाचे. गहू, भात, केळ, नारळ, लसूण या सर्व एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात मुळाशीच जी पहिली फांदी फुटली, ती वेखंडाची, असे आता मानतात. म्हणजे आपल्या ओट्यावरच्या निम्म्या जिनसांची ही दूरची आत्याच म्हणायची!

हिमालयाच्या उतारांवर आणि मणिपूरकडे पाणथळ जागी ते रानात आपोआप वाढते. कर्नाटकात शेतात पाणी धरून त्याची लागवड करतात. युरोपात ते पूर्वेकडून गेले. १५७४ साली क्लूसियस नावाच्या वनस्पतिज्ञाने व्हिएन्नाला ते लावले, आणि तेथून ते नदीकाठांनी पसरले. मौज अशी की युरोपातल्या जातीला बी धरतच नाही. एवढा सारा विस्तार झाला तो गड्ड्यांच्या तुकड्यांवर, एकीने दुसरीला दिलेल्या रोपासारखा.

आता लावायचे कसे ते सांगते. ज्यांच्या परसात विहिरीचा किंवा नळाचा कायम ओला कोपरा आहे, जेथे दुसरे काही जगत नाही, तेथे हे आनंदाने राहते. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भोक नसलेले जुने घमेले किंवा फुटक्या कानाची बादली घ्यावी. तीत तळ्याकाठची किंवा बागेतली चिकण माती आणि थोडे जुने शेणखत घालावे. पावसाळ्याच्या तोंडी डोळा असलेला बोटभर तुकडा आडवा, दोन बोटे खोल पुरावा. ऊन अर्धा दिवस मिळाले तरी चालते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी : मातीच्या वर पाणी उभे राहू देऊ नये. चिखल चिखलच राहावा, पण डबके होऊ नये. नाहीतर झाड आपले आणि डास शेजाऱ्यांचे, असे व्हायचे. वैशाखात पाने पिवळी पडली तर झाड मेले म्हणून उपटू नका. गड्डा खाली जिवंत असतो. वर्षभरात घमेले भरून जाते, मग तुकडे करून वाटता येतात.

वाळलेल्या तुकड्यांचा उपयोग आपल्या आज्या जाणत होत्या. लोकरी कपड्यांच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत, पोथ्यांच्या रुमालात त्या वेखंड ठेवीत. कसर लागत नसे. याचे कारण पुढे प्रयोगशाळेत सापडले. वेखंडाच्या तेलात बीटा-असरोन नावाचे द्रव्य असते. त्याने काही किड्यांची प्रजननशक्तीच खुंटते, असे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा तुमच्या ट्रंकेतली पुरचुंडी काढू नका. वर्षाकाठी बदला म्हणजे झाले. गव्हाच्या पिंपात मात्र ती टाकू नये, कारण ते गहू आपण दळून खाणार. तेथे कडुनिंबाचा पाला बरा.

येथेच मला खरे सांगायचे आहे ते येते. जे द्रव्य किड्याचा वंश थांबविते, तेच आपण सहाणेवर उगाळून दहा दिवसांच्या बाळाच्या तोंडात घालतो. किडा आणि बाळ एक नव्हे, हे मलाही समजते. परंतु १९६७ साली अमेरिकेत जम्मूकडच्या वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. आणि १९६८ साली त्या देशाने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. अमेरिकेतल्या रानवेखंडात हे द्रव्य नसते, युरोपातल्यात थोडे असते. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळशा वेखंडाच्या तेलात मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक तेच असते. परदेशी पुस्तकात वेखंडाचे गुण वाचून आपण निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

कोणी म्हणेल, हे विलायती शास्त्र झाले. मग आपले शास्त्र पाहा. संस्कृतात याचे एक नाव ‘उग्रगंधा’. ओकारी करविण्याच्या औषधात वैद्य मदनफळाबरोबर वचा, म्हणजे हेच वेखंड, देत आले. आणि पोटात द्यायचे तर आधी गोमूत्रात, मग निरनिराळ्या काढ्यांत उकळून त्याचे शोधन करावे, असा विधी औषधसंग्रहांत दिला आहे. आपण गुटीसाठी आणतो ते किराणा दुकानातले वेखंड कोणी शोधले? मात्रा तरी कशी मोजतो? ‘एक वेढा, दोन वेढे.’ सासूबाईंचा हात हलका, जाऊबाईंचा जड. सहाण एकीची गुळगुळीत, एकीची खरखरीत. तुकडा कधी ताजा, कधी तीन वर्षांचा. वेढा तोच, पण पोटात गेलेले वेखंड दर वेळी निराळे. बाळाला उलट्यांवर उलट्या होऊ लागल्या म्हणजे आपण ‘दृष्ट लागली’ म्हणतो. अशा वेळी मीठमोहऱ्या ओवाळीत बसू नये. तडक डॉक्टरांकडे न्यावे आणि गुटीत काय काय होते ते न लपविता सांगावे.

‘आमची चार मुले गुटीवरच वाढली’ असे वडीलधाऱ्या म्हणतात. त्यांना मी मानाने एवढेच म्हणते, की ती वाढली आईच्या दुधावर आणि तुमच्या राबणाऱ्या हातांवर. गुटी सहाणेवरून उतरली तीदेखील दुधातच. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. वाचा स्पष्ट व्हावी म्हणून मधात उगाळून जिभेला वेखंड लावतात. ‘वचा’ हे नाव बोलण्याच्या धातूवरून आले, तेव्हा समजूत जुनी आहे. पण बोलणे येते ते बाळाशी बोलल्याने. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातून क्वचित होणारा विषबाधेचा आजार जिवावर बेततो. टाळूवर दाबण्याच्या पुडीचेही तसेच. ती नाकातोंडात जाते. न्हाऊ घातल्यावर मऊ पंचाने डोके कोरडे टिपले की पुरे.

मग आजीने करायचे काय, असा प्रश्न मागच्या महिन्यात एका भगिनीने विचारला. त्यात थोडा रागही होता, आणि तो रास्त होता. गुटी उगाळणे हा आजीचा मान आहे. सहाण काढून घेतली की तिला वाटते, आपल्याला बाजूला केले. म्हणून सुनांना माझी विनंती आहे : डबा फेकून देऊन भांडण विकत घेऊ नका. तेल लावणे, न्हाऊ घालणे, मांडीवर निजविणे हे काम आजीकडेच राहू द्या, आणि लसीच्या दिवशी डॉक्टरांकडे तिलाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले सासूबाईंना पटते. आपल्या तोंडचे पटत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. डब्यातले वेखंड लोकरीच्या ट्रंकेत जाऊ द्या.

माझ्या गच्चीवरचे वेखंडाचे घमेले आता काठोकाठ भरले आहे. ज्यांना हवे त्यांनी मृगाचा पाऊस पडला की तुकडा घेऊन जावा. येताना डबा आणावा. कागदाच्या पिशवीतून चिखल गळतो.