बोलका फळा

धार जिल्ह्यातील मोहनखेड्याचे जैन तीर्थ पाहावयास गेलेला मराठी प्रवासी तेथील हिंदी पाट्या सहज वाचतो, लिपी तीच. पण श्रोतेहो, हीच देवनागरी काही मुलांना चकविते. ‘कि’ची वेलांटी आधी लिहावयाची, उच्चारावयाची मागाहून, ‘घ’ आणि ‘ध’ तर जुळे भाऊच! अशा मुलाला आळशी ठरविणे फार सोपे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अडचणीस अध्ययन अक्षमता म्हणून मान्यता दिली आणि ती लवकर ओळखण्याचे कर्तव्य मान्यताप्राप्त शाळांवर टाकले. वर्गातील संगणकीय फळा येथे कामास येतो. अक्षर मोठे करतो, ओळ वाचून दाखवितो, दहाव्यांदा विचारले तरी रागावत नाही. मात्र गुरुजींनी त्यावर भराभर पाने उलटीत ‘उतरवून घ्या’ म्हटले, की त्या मुलाची वही पूर्वीसारखीच कोरी राहते.