नको झालेले पियानो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू अमेरिकेत नक्की करतोस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी पियानो दुरुस्त करतो. हल्ली मात्र दुरुस्तीपेक्षा नकार देण्याचंच काम जास्त. 'आजीचा पियानो फुकट देतो, घेऊन जा' असे फोन येतात, आणि घेणारा कुणी नसतो.

१९०९ साली एकट्या अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. घरोघरी रेडिओ यायचा होता. गाणं हवं तर घरातल्याच कुणीतरी वाजवायचं. पुढे रेडिओ आला, मंदी आली, टीव्ही आला. आता तर कीबोर्ड काखेत मारून नेता येतो. उभा पियानो दोन-तीनशे किलोंचा. हलवायलाच चार माणसं लागतात. शेवटी तो कचरा डेपोत जातो.

आत काय असतं ते सांगतो. ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा. साऱ्या तारांचा मिळून ताण पंधरा ते वीस टन. तो पेलायला बिडाची चौकट. तिच्यामागे स्प्रूसच्या लाकडाची बोटाहूनही पातळ फळी. तारेचा बारीक आवाज दिवाणखानाभर होतो तो हिच्यामुळे. हातोड्यांना मेंढीच्या लोकरीचा नमदा. सांधे सरसाने जोडलेले. ऊब आणि ओल दिली की शंभर वर्षांनीही सुटतात.

पट्ट्यांवर हस्तिदंत. आफ्रिकेतल्या हत्तींचे सुळे कनेक्टिकटमधल्या आयव्हरीटन गावी यायचे आणि तिथे त्यांच्या पातळ चकत्या व्हायच्या. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही.

सगळे पियानो वाचवताही येत नाहीत. चांगलं व्हायोलिन जुनं होऊन भाव खातं. पियानो ताणाखाली थकतो. खुंट्या बसवलेलं लाकूड चिरलं की सूर टिकत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या कितीतरी पट होतो. मी मालकाला खरं ते सांगतो. फक्त म्हणतो, टाकण्याआधी एकदा उघडू द्या. पट्टी बाहेर काढली की कधी कधी तिच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं नाव आणि तारीख सापडते. कंपनीच्या पाटीवर कधीच न आलेला कुणी कामगार! घरातली मुलं ते बघून गप्प होतात.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. शाळेच्या अडगळीच्या खोलीतली प्रार्थनेची पायपेटी नव्या बांधकामात मोडीत जाणार, असं कळलं. ती वाचेलच असं नाही. पण पेटी दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवू या, खर्च माझा. भाता आणि सूर धड असतील तर ती संगीताच्या वर्गात जाईल. नसतील तर आठवीच्या मुलांसमोर उघडू या, म्हणजे आवाज कुठून यायचा ते त्यांना कळेल. आपल्याला रंधा धरायला शिकवणारे सुतारकामाचे सर आज समोर बसले आहेत. पहिला स्क्रू त्यांनीच काढावा, एवढी विनंती करतो.