मूत्रपिंडाची पुन्हां अरुंद झालेली धमनी

जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास पाटपाण्याचें शास्त्र शिकवावें लागत नाहीं. डिंभें धरण तुडुंब भरलें, तरी चारीचें तोंड गाळानें बुजलें तर शेत कोरडेंच. मग ‘पाणी वाढवा’ अशी हाकाटी होते; मुख्य कालवा फुगतो, पण शेताची तहान भागत नाहीं. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली म्हणजे हेंच घडतें. रक्त कमी मिळालेलें मूत्रपिंड रेनिन नांवाचें द्रव्य सोडतें आणि साऱ्या शरीराचा रक्तदाब वाढतो. ही धमनी आवळली म्हणजे रक्तदाब वाढतो, हें गोल्डब्लाट यांनीं १९३४ सालीं कुत्र्यांच्या धमनीस चिमटा लावून सिद्ध केलें.

१९७८ सालीं ग्रुंट्सिग यांनीं फुग्यानें ही धमनी रुंदावल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें ती उघडी राहावी म्हणून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवूं लागले. परंतु धमनी निर्जीव पाट नव्हे. दुखावलेलें अस्तर जखम भरावी तसें वाढतें, आणि कित्येकांची वाट स्टेंटमध्यें पुन्हां अरुंद होते.

अशा वेळीं केवळ चित्रांतील अरुंदपणा पाहून घाई करूं नये. चरबीच्या थरानें अरुंद झालेल्या धमन्यांविषयीं २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ९०० हून अधिक रुग्णांच्या चाचणींत, औषधांच्या जोडीला स्टेंट बसवूनही हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार विशेष टळले नाहींत. ती चाचणी प्रथम बसविलेल्या स्टेंटची होती. तरी तिचा बोध येथेंही उपयोगी आहे. अनेक औषधें घेऊनही दाब आवरत नसेल, मूत्रपिंडाचें काम खालावत असेल, किंवा फुप्फुसांत एकाएकीं पाणी भरत असेल, तरच पुन्हां हात घालण्याचा विचार होतो. बहुधा प्रथम फुगाच वापरतात. कधीं औषध लावलेला फुगा वा दुसरा स्टेंट, आणि क्वचित् शस्त्रक्रियेनें रक्तास नवी वाट. तरुण स्त्रियांत मूळ कारण धमनीचा दाह असल्यास आधीं तो शमवावा लागतो. नाहींतर केलेलें काम फुकट जातें.

फुग्याच्या उपचारासाठीं पुण्यास जावें लागलें, तरी पाळत गांवींच ठेवतां येते. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजावा, तो वहींत लिहावा, आणि ती वही मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा आपल्या डॉक्टरांस दाखवावी. दाबाचें औषध बदलल्यावर एकदोन आठवड्यांनीं रक्तांतील क्रिएटिनिन तपासून घ्यावें. कारण दोन्ही धमन्या अरुंद असतां कांहीं औषधांनीं मूत्रपिंडाचें काम मंदावतें. तंबाखू व विडी सोडावी. आणि स्टेंट बसला म्हणून औषधें मनानें बंद करूं नयेत. वाट रुंदावली, तरी ती अरुंद करणारा रोग तेथेंच असतो.