वर्गातील सर्वांत साधा फोन

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणारी भाषणे आज पुष्कळ होतील, आणि ती व्हायलाच हवीत. माझ्या वाट्याला आलेला वेळ मात्र मी एका वेगळ्याच वस्तूसाठी मागून घेतला आहे. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे, तिचा आकार नखाएवढा आहे आणि गेल्या काही वर्षांत तिने शाळेचा दिनक्रम पुष्कळसा बदलला आहे. मोबाइलच्या आत बसवलेली चिप, अर्थात प्रोसेसर, हा माझा आजचा विषय. मी भाषेची शिक्षिका आहे, अभियंता नव्हे. परंतु पालकसभेत मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न व्याकरणाचा नसतो. "बाई, मुलीसाठी कोणता फोन घ्यावा?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना जे समजले, आणि त्यावरून शाळेने जे ठरवले, ते आपल्यापुढे मांडते.

१९६५ साली अमेरिकेतील गॉर्डन मूर यांनी एक भाकीत केले. एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३ मध्ये अॅपलच्या ए१७ प्रो या फोनच्या चिपवर ते १,९०० कोटी झाले. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारी सूक्ष्म कळ. अशा कळांच्या जुळणीतूनच गणित होते, चित्र उमटते, आवाज ऐकू येतो.

फोनमधील बहुतेक चिप्सचे कूळ एकच आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न नावाची लहानशी संगणक कंपनी होती. तेथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला आर्म प्रोसेसर १९८५ मध्ये चालू झाला. त्यावर जेमतेम २५,००० ट्रान्झिस्टर होते, आणि त्याला वीज अत्यंत कमी लागे. हा दुसरा गुण पुढे फार मोलाचा ठरला, कारण फोन बॅटरीवर चालतो. आर्मने स्वतः चिप्स विकण्याऐवजी त्यांचे आराखडे इतरांना वापरायला देण्याचा मार्ग धरला. अमेरिकेची क्वालकॉम, तैवानची मीडियाटेक, चीनची युनिसॉक, कोरियाची सॅमसंग या साऱ्यांनी त्याच पायावर आपापल्या चिप्स उभ्या केल्या. पीठ एकच, कोणी त्याची भाकरी थापली, कोणी थालीपीठ.

मग श्रेणी आल्या कोठून? २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, तेव्हा स्मार्टफोन हीच चैनीची वस्तू होती. पुढे ग्राहक वाढले, तसा प्रत्येक खिशाला परवडेल असा माल बनवणे कंपन्यांना भाग पडले. जानेवारी २०१३ मध्ये क्वालकॉमने आपल्या स्नॅपड्रॅगन चिप्सची २००, ४००, ६०० आणि ८०० अशी चार पायऱ्यांत उघड विभागणी केली. २०१८ मध्ये ६०० आणि ८०० यांच्यामध्ये ७०० ची पायरी घातली. २०२१ च्या अखेरीस तीन आकडी नावे मागे पडू लागली आणि '८ जेन १' अशी नवी पद्धत सुरू झाली. तीत पहिला आकडा श्रेणीचा आणि दुसरा पिढीचा. मीडियाटेकने २०१५ मध्ये हेलिओ आणि २०१९ मध्ये ५जीसाठी डायमेन्सिटी ही घराणी आणली.

या पायऱ्यांमागे कारखान्याचे साधे अर्थशास्त्र आहे. सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकाच वेळी शेकडो चिप्स कोरल्या जातात. चिप जितकी मोठी, तितक्या त्या चकतीवर कमी मावतात आणि तितकी ती महाग पडते. म्हणून स्वस्त चिपमध्ये आकडेमोड करणारे भाग, ज्यांना 'कोर' म्हणतात, ते लहान असतात. चित्र रंगवणारा भाग आटोपशीर असतो. कॅमेऱ्याचे काम करणारा भाग बेताचा असतो. शिवाय ती बहुधा जुन्या कारखानापद्धतीने घडवतात, कारण नव्या पद्धतीचा खर्च अफाट असतो. जाहिरातीतील 'नॅनोमीटर'चा आकडा याच पद्धतीची पिढी सांगतो. आज ते प्रत्यक्ष मोजमाप राहिलेले नाही.

वरच्या पायरीवरचे ज्ञान खाली उतरते, पण त्याचा वेग सारखा नसतो. मोठ्या भावाची पुस्तके धाकट्याला मिळावीत, तसे हे घडते. कधी ती पुढच्याच वर्षी मिळतात, कधी पाने पिवळी पडल्यावर. आर्मचा कॉर्टेक्स-ए५३ हा कोर २०१२ मध्ये जाहीर झाला. २०२१ च्या दिवाळीत आपल्याकडे ६,४९९ रुपयांना आलेल्या जिओफोन नेक्स्टमधील चिप याच नऊ वर्षांपूर्वीच्या कोरवर चालत होती. याउलट, २०२१ च्या अखेरीस सर्वांत महागड्या चिप्सना लाभलेली ४ नॅनोमीटरची पद्धत जुलै २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ या चिपमध्ये उतरली. ही चिप नवी दिल्लीत जाहीर झाली आणि ९९ डॉलरच्या आतला ५जी फोन घडवणे हा तिचा उद्देश सांगितला गेला. एकीकडे नऊ वर्षे, दुसरीकडे तीनच. म्हणून 'स्वस्त फोन' हा एकच शब्द वापरून चालत नाही. कोणत्या सालचा, हेही पाहावे लागते.

आता आपल्या छत्तीसगढकडे वळू या. या पायऱ्या येथे शासकीय योजनांतूनही दिसल्या. २०१८ मध्ये राज्य शासनाने संचार क्रांती योजनेखाली मायक्रोमॅक्सचे स्मार्टफोन विनामूल्य वाटले. महिलांसाठी एक मॉडेल होते आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दुसरे, थोडे वरचे. त्याच्या आदल्या वर्षी जिओफोन आला होता. बटणांचा, पण ४जी चालणारा. असल्या साध्या फोनसाठी क्वालकॉमने २०५ नावाची दोन कोरची चिप मार्च २०१७ मध्ये नवी दिल्लीतच सादर केली होती, आणि तीही काही जिओफोनमध्ये बसली. अनेक घरांत इंटरनेटचे पहिले पाऊल अशाच फोनवरून पडले.

एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याने 'पढई तुंहर दुआर', म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. त्यातील व्हिडिओ पाहायला स्मार्टफोन हवा आणि इंटरनेटही हवे. जेथे ते नव्हते तेथे पुढे इतर वाटा शोधल्या गेल्या. कोठे वस्तीतच वर्ग भरले, कोठे ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले, आणि 'बुलटू के बोल' या उपक्रमात ब्लूटूथच्या साहाय्याने श्राव्य पाठ साध्या फोनमध्ये पोहोचवले गेले. ब्लूटूथचे 'बुलटू' हे रूप येथल्या जिभेचे. ही अखेरची युक्ती मला फार महत्त्वाची वाटते. तिच्या कर्त्यांनी फोन बदलण्याची वाट पाहिली नाही. हाती असलेल्या सर्वांत साध्या फोनला काय जमते ते पाहिले आणि धडा त्या मापाने बेतला.

आपल्या शाळेतही हीच कसोटी लागते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीच्या घरी वरच्या श्रेणीचा फोन असतो. दुसरीच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर आईबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी सातनंतर घरी येतो. शाळेने पाठवलेली जड फाइल त्यावर उघडता उघडता तो गरम होतो आणि अडकतो. वर्गात या दोघींचा गणवेश एक आहे, पुस्तक एक आहे. गृहपाठ फोनवर गेला, की त्यांच्यामध्ये एक पायरी उभी राहते, आणि ती पायरी त्या मुलीच्या बुद्धीने उभी केलेली नसते.

म्हणून आम्ही शिक्षकांनी मिळून काही नियम केले आहेत. गृहपाठाची सूचना टंकलिखित मजकुरात पाठवायची; पानेच्या पाने छायाचित्रे काढून नव्हे. दृक्-श्राव्य पाठाबरोबर त्याचा केवळ आवाजही द्यायचा. ज्यासाठी नवे अॅप उतरवून घ्यावे लागेल असे काम सक्तीचे करायचे नाही. प्रत्येक गृहपाठ वहीत लिहून देण्याची मुभा ठेवायची आणि त्याचा एकही गुण कापायचा नाही. काहीही पाठवण्यापूर्वी ते शाळेतील सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहायचे. तेथे उघडले, तरच ते वर्गाला जाईल.

पालकांच्या मूळ प्रश्नाकडे आता येते. जयस्तंभ चौकात रवि भवनातील दुकानांत गेलात, की पहिल्याने मेगापिक्सेल आणि 'ऑक्टा-कोर' हे शब्द कानी पडतात. आठ कोर म्हणजे दुप्पट वेग असे मुळीच नाही. २०१८ मधील हेलिओ पी३५ आणि २०२० मधील हेलिओ जी३५ या दोहोंत आठही कोर तेच लहान कॉर्टेक्स-ए५३ आहेत. नाव पालटले, अंतरंग जवळजवळ तेच राहिले. त्याच २०२० मधील हेलिओ जी८५ मध्येही कोर आठच, पण त्यांतले दोन मोठ्या ताकदीचे. जड काम आले की ते पुढे होतात, हलक्या कामाला लहान कोर पुरतात आणि बॅटरीही टिकते. मोठे आणि लहान कोर एकत्र नांदवण्याची ही रीत आर्मने २०११ मध्ये मांडली होती. घरातही वजनाची पोती थोरला उचलतो आणि कोथिंबीर निवडायला धाकटा बसतो, तसेच हे.

तेव्हा दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. चिपचे पूर्ण नाव काय? ती कोणत्या साली आली? या फोनला सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षे मिळणार? आणि घरातून निघण्यापूर्वी चौथा प्रश्न स्वतःला विचारा: या फोनवर मूल नेमके काय करणार आहे? पाठ ऐकणे, वाचणे, शब्दाचा अर्थ शोधणे आणि शिक्षकांना प्रश्न पाठवणे एवढेच असेल, तर अलीकडच्या पिढीची साधी चिप पुरेशी आहे. वरच्या श्रेणीतील जास्तीची ताकद मुख्यतः खेळ आणि कॅमेरा यांच्या कामी येते. त्यासाठी हप्ते भरून फोन घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

माजी विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीचा फोन आजच्या अगदी नव्या, तळच्या पायरीवरील फोनपेक्षा पुष्कळदा अधिक समर्थ असतो. असे फोन आपल्या कपाटात पडून आहेत. त्यांतील खासगी माहिती पूर्ण पुसून, बॅटरी दमली असल्यास बदलून, ते शाळेच्या ग्रंथालयाला द्या. पुस्तके जशी आठवड्याला घरी नेता येतात, तसे हे फोन नेता यावेत अशी नोंदवही आम्ही सुरू करत आहोत. सुधारणा मिळणे थांबलेल्या फोनवर पैशांचे व्यवहार करू नयेत. पण धडा ऐकायला आणि वाचायला तो उत्तम चालतो.

या शास्त्रात आपली माणसे मागे नाहीत, हेही मुलांना सांगायला हवे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर पुण्याच्या सी-डॅकचे संस्थापक संचालक झाले, आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. एकाच बलाढ्य प्रोसेसरवर न विसंबता अनेक लहान प्रोसेसर जोडून तो उभारला होता. २०१९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजित हा संपूर्ण भारतीय रचनेचा प्रोसेसर तयार केला. आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्या नवा रायपूरमध्ये गॅलियम नायट्राइडवर आधारित अर्धवाहक कारखान्याचे भूमिपूजन झाले. आज आठवीत असलेली एखादी मुलगी उद्या अशा ठिकाणी चिपचा आराखडा रेखाटत असेल. त्यासाठी आज तिच्या हाती महाग फोन असण्याची गरज नाही. तिचे गणित पक्के व्हावे, तिला मातृभाषेतून प्रश्न विचारता यावेत आणि तिचा गृहपाठ फोन अडकल्यामुळे अपुरा राहू नये, एवढी मात्र गरज आहे.

कंपन्या चिप्सच्या श्रेणी करतील. तो त्यांचा व्यापार आहे. वर्गात त्या श्रेणी शिरू न देणे हे शाळेचे काम आहे. यापुढे आपल्या शाळेत फोनवरून जे काही शिकवले जाईल, त्याचे माप वर्गातील सर्वांत साधा फोन हेच राहील, असे हीरक महोत्सवाच्या या व्यासपीठावरून मी आपणा सर्वांसमक्ष सांगते. शिक्षकांकडून ते कोठे पाळले गेले नाही असे आढळले, तर पालकांनी निःसंकोचपणे माझ्याकडे यावे. ग्रंथालयाची नोंदवही आज सभागृहाबाहेरील मेजावर ठेवली आहे. जाताना तिच्यात आपले नाव अवश्य नोंदवावे.