मोटारीच्या दाराचे कुलूप : दुरुस्ती आणि दक्षता

(वडोदरा शहरातील गोत्री येथे मराठीभाषक नागरिक, शिक्षक व वाहनचालक यांच्यासमोर केलेले भाषण)



याच वडोदरा नगरीत महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. कारागिराला त्याच्या विद्येमागील शास्त्र मातृभाषेतून मिळावे, हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा ध्यास होता. त्याचे स्मरण ठेवून आज एका लहानशा यंत्राविषयी मायबोलीत चार शब्द सांगणार आहे.

बटण दाबताच मोटारीची सारी दारे एकदम बंद होतात. हे काम प्रत्येक दाराच्या पोटातील १२ व्होल्टची चिमुकली मोटर करते. विजेच्या प्रवाहाची दिशा बदलली की ती उलट फिरते आणि दातेरी चक्रांच्या योगे कुलपाचा खटका सरकवते. कारागीर या यंत्राला ‘अ‍ॅक्च्युएटर’ म्हणतात. त्याचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की नुसती घरघर ऐकू येते, खटका मात्र हलत नाही.

एकच दार अडत असेल तर दोष बहुधा त्याच दारात असतो. सारीच अडली तर प्रथम फ्यूज पाहावा. बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तारा उघडझापीने तुटतात, त्याही तपासाव्यात. मोटरीपर्यंत प्रवाह पोहोचूनही ती काम करीत नाही, अशी खात्री झाल्यावरच नवी आणावी.

दुरुस्तीपूर्वी काच पूर्ण वर करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. मुठीजवळचे स्क्रू काढून आतील आवरण अलगद सुटे करावे. त्यामागील प्लॅस्टिकचा कागद फाडू नये; तो पावसाचे पाणी अडवतो. मग तारांची जोडणी व दांड्या सोडवून मोटर बदलावी. काही गाड्यांत ती कुलपाशी एकजीव असते; तेथे पूर्ण कुलूपच बदलावे लागते. दार लावण्यापूर्वी, ते उघडे असतानाच, स्क्रूड्रायव्हरने कुलपाची जीभ मिटवून चाचणी घ्यावी. न तपासता लावलेले दार पुन्हा उघडणे महाकठीण होते. एअरबॅगची यंत्रणा असलेल्या दाराचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मागील दाराला मुलांसाठीचे कुलूप लावलेले असले की ते आतून उघडत नाही. त्यातच खटका अडकला तर बाहेरूनही उघडत नाही. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. उन्हातील बंद मोटार अर्ध्या तासाच्या आतच कमालीची तापते आणि बालकाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून बिघडलेले दार ‘चालते आहे’ म्हणून तसेच ठेवू नये.

बटणाच्या किल्लीत बहुधा धातूचे पातेही दडलेले असते. ते कसे काढावे व कोणत्या दाराला लागते, हे घरातील प्रत्येकाने शिकून घ्यावे. मूल आत अडकलेच आणि दार तत्काळ उघडेना, तर ११२ क्रमांकावर मदत मागावी; मूल कोमेजू लागले तर वाट न पाहता त्याच्यापासून दूरची काच फोडावी. शिक्षकांनी हे पालकसभेत अवश्य सांगावे, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.